चेहरा गोल आहे, मग फ्रेम कोणती?

अकरावीचं कॉलेज सुरू व्हायच्या आधी माझ्या भाचीचे डोळे तपासले आणि नंबर मायनस 6 वर गेल्याचं कळलं. काचा बदलायच्याच होत्या, तर फ्रेमही नवी घेऊ असं ठरलं. दादर पश्चिमेच्या आमच्या नेहमीच्या दुकानात शिरतानाच तिने मोबाइलवरचा एक तक्ता माझ्यासमोर धरला. "मावशी, माझा चेहरा गोल आहे. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम. मला चौकोनीच बघायच्यात." दहा मिनिटांत तिने एक मोठी, काळी, चौकोनी शेल फ्रेम, म्हणजे जाड प्लास्टिकची, उचलली. दिसायला खरंच देखणी होती. काउंटरपलीकडच्या काकांनी ती तिच्या नाकावर चढवली, जरा मागे सरकून बघितलं आणि म्हणाले, "बाळा, चौकोनीच घे, पण ही नको. ही तुझ्या मापाची नाही, आणि तुझ्या नंबराला तर अजिबात चालायची नाही."

पुढचा अर्धा तास त्यांनी जे समजावलं ते, आणि पाचवीपासून चष्मा लावताना मला जे कळत गेलं ते, इथे एकत्र मांडते. चेहऱ्याच्या आकाराचे तक्ते उपयोगी आहेत. पण आकाराकडे वळण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: चेहऱ्याची रुंदी, नाकाची ठेवण आणि चष्म्याचा नंबर. या तिन्हींत बसणाऱ्या फ्रेम बाजूला काढल्या की त्यांतून आकार निवडायचा. आपण नेमकं उलटं करतो, म्हणून हौसेने घेतलेली फ्रेम महिन्याभरात नाकावरून घसरायला लागते.

तरी आधी आकाराबद्दलच बोलू, कारण कुतूहल सगळ्यांना त्याचंच असतं.

आपला चेहरा कुठल्या आकाराचा, हे आरशात नुसतं बघून कळत नाही. आपलं लक्ष लगेच डोळ्यांवर, मुरुमांवर, केसांवर जातं. बाथरूमच्या आरशासमोर उभं राहा, केस मागे घट्ट बांधा, एक डोळा मिटा आणि साबणाच्या ओल्या तुकड्याने आरशात दिसणाऱ्या चेहऱ्याची कड गिरवा. डोकं हलवू नका. मग बाजूला होऊन ती रेघ बघा. ती इतकी लहान असते की आपण चुकलो असं वाटतं. चूक नसते. आपण आरशाच्या जितके पुढे असतो तितकीच आपली प्रतिमा आरशाच्या मागे असते, त्यामुळे काचेवर उमटणारी आकृती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी येते. मापाचं सोडा, घडण बघा. सर्वात रुंद जागा कुठे आहे? कपाळाशी, गालफडांशी की जबड्याशी? हनुवटी निमुळती आहे की सपाट? लांबी रुंदीपेक्षा बरीच जास्त आहे की थोडीशीच?

तक्त्यांमागचं तत्त्व साधं आहे. चेहऱ्यात जे आधीच ठळक आहे, ते फ्रेमने आणखी ठळक करू नये. चष्मा म्हणजे चेहऱ्याच्या मधोमध ओढलेली एक गडद रेघ. नजर तिथे थांबते आणि आजूबाजूच्या सगळ्या रेषा तिच्याशी ताडून बघते. गोल गालांच्या शेजारी छोट्या गोल काचा आल्या की गोलाई दुपटीने जाणवते. तिथे कोन असलेली, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली फ्रेम आली की चेहऱ्याला थोडी धार येते. चौकोनी, भक्कम जबड्याला हेच उलटं लागू: गोल किंवा लंबगोल काठ कोपऱ्यांना मऊ करतात.

उभट, लांब चेहऱ्याला उंचीने भरपूर असलेली फ्रेम चांगली, कारण ती भुवईपासून गालापर्यंतची जागा व्यापते आणि उरलेली लांबी कमी वाटते. अशा चेहऱ्यावर पट्टीसारखी अरुंद फ्रेम घातली की खालचा सगळा भाग मोकळा पडतो आणि चेहरा आणखी लांब दिसतो. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल, म्हणजे बदामासारखी घडण, तर वरचा काठ जाड आणि रंगीत असलेल्या फ्रेम टाळाव्यात. त्या रुंदीवरच बोट ठेवतात. पातळ काठाच्या, खालच्या बाजूने किंचित भरलेल्या फ्रेम तिथे खुलतात. गालफडं सर्वात रुंद आणि कपाळ व जबडा दोन्ही अरुंद असतील, तर भुवयांपाशी थोडा जोर असलेली, कॅट-आयच्या वळणाची, म्हणजे बाहेरचे कोपरे वर गेलेली फ्रेम वरची बाजू भरून काढते. लंबगोल चेहऱ्याबद्दल फारसं सांगायला नको, त्याला बहुतेक आकार चालतात. आणि खरं सांगायचं तर बहुतेकांचे चेहरे मिश्रच असतात, गाल गोल आणि जबडा चौकोनी, असे. तेव्हा तक्त्यातलं नाव शोधत बसू नका. मला काय कमी दिसायला हवंय, असं स्वतःला विचारा.

हा नियम किती लवचीक आहे, ते बघायला दूर जावं लागत नाही. दादरच्या चैत्यभूमीवर, चाळीतल्या भिंतीवर, सरकारी कचेरीत, शाळेच्या वर्गात आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर बघत मोठे झालो. त्यांचा चेहरा रुंद आणि भरलेला, आणि चष्मा गोल, ठळक काठाचा. तक्त्याप्रमाणे हे जमायला नको. तरीही त्या चेहऱ्यावर दुसऱ्या कुठल्या चष्म्याची कल्पनासुद्धा करवत नाही. याचं कारण मला मापात दिसतं. काठाचं वजन चेहऱ्याच्या भारदस्तपणाला साजेसं आहे. आता गावदेवीच्या मणिभवनात जाऊन गांधीजींची छायाचित्रं बघा. तिथेही गोल काचाच, पण काठ तारेसारखा बारीक, कारण चेहरा अरुंद आणि हाडं वर आलेली. आकार एकच, पण जाडी ज्याच्या त्याच्या चेहऱ्याप्रमाणे. विरुद्ध आकार निवडला की समतोल येतो, सारखा आकार निवडला की ओळख ठसते. दोन्ही रस्ते खुले आहेत, पण रुंदी आणि जाडी चुकली की दोन्ही फसतात.

रुंदी मोजायला तुमचा जुना चष्मा पुरे. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, उदाहरणार्थ 52□18 140. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, म्हणजे ब्रिज, आणि तिसरा काडीची लांबी. सगळं मिलिमीटरमध्ये. दोन काचा, ब्रिज आणि दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्यांपर्यंतची थोडी जागा मिळून फ्रेमची रुंदी होते. म्हणून पहिला आकडा 52 वरून 54 झाला तर फ्रेम दोन नव्हे, चार मिलिमीटरने रुंद होते, आणि चेहऱ्यावर तेवढा फरक लगेच दिसतो. जुना चष्मा नीट बसत असेल तर हे आकडे कागदावर लिहूनच दुकानात जा. तो कानशिलं दाबत असेल, काड्या बिजागरीपासून बाहेर फाकत असतील, तर मोठं माप हवं. कानशील आणि काडी यांच्यात बोट सहज फिरत असेल, तर लहान.

डोळे काचेत कुठे येतात तेही बघायला हवं. बाहुल्या काचेच्या मध्यावर किंवा जरा नाकाच्या बाजूला आणि मध्यापेक्षा थोड्या वर आल्या की चष्मा चेहऱ्याचा भाग वाटतो. बाहुल्या फारच आत आल्या तर फ्रेम मोठी आहे, मग ती कितीही फॅशनमध्ये असो. भुवईचंही असंच. फ्रेमचा वरचा काठ भुवईच्या वळणाबरोबर गेला तर छान. काठ एका दिशेने आणि भुवई दुसऱ्या दिशेने गेली, तर चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य किंवा राग दिसतो.

नाकाचा विचार आपल्याकडे फार कमी होतो, आणि सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. शेल फ्रेममध्ये ब्रिज त्या प्लास्टिकमध्येच घडवलेला असतो, तो हलवता येत नाही. बाजारातल्या कित्येक शेल फ्रेमचा ब्रिज उंच, अरुंद नाकासाठी कापलेला असतो. नाकाचं हाड डोळ्यांच्या मधे बसकं असेल, तर अशी फ्रेम हाडावर टेकतच नाही. ती खाली सरकून गालांवर बसते. हसलं की चष्मा वर उचलला जातो, पापण्या काचेला लागून काचेवर तेलाचे डाग पडतात. बसक्या ब्रिजसाठी वेगळ्या घडवलेल्या शेल फ्रेम मिळतात, त्या मागून घ्या. किंवा धातूची फ्रेम घ्या, जिचे नोजपॅड, म्हणजे नाकावर टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्या, वाकवून हवे तसे जवळ-लांब करता येतात. मुंबईच्या घामात हा फरक रोज जाणवतो. उकाड्यात, एका हाताने लोकलची कडी धरलेली आणि दुसऱ्या हातात बॅग असताना घसरणारा चष्मा वर ढकलायला तिसरा हात कुठून आणायचा?

ब्रिजचा दिसण्याशीही संबंध आहे. गडद रंगाचा ब्रिज डोळे जवळ आणतो, पारदर्शक किंवा फिका ब्रिज त्यांना लांब करतो. ब्रिज खाली असेल तर नाक आखूड दिसतं, वर असेल तर लांब. जवळजवळ डोळे असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने काळी फ्रेम सोडून फिकट ब्रिजची घेतली, तेव्हा सगळे तिला विचारत होते, केस कापलेस का?

आता नंबर. काकांनी भाचीची मोठी फ्रेम नाकारली ती मुख्यतः याच कारणाने, आणि हा भाग तक्त्यांमध्ये जवळजवळ कधीच नसतो.

त्यांनी आधी तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. समोर बसले, पट्टी तिच्या नाकावर आडवी टेकवली, स्वतःचा उजवा डोळा मिटला आणि म्हणाले, "माझ्या डाव्या डोळ्यात बघ." शून्य तिच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आणला. पट्टी तशीच धरून मग डावा डोळा मिटला. "आता माझ्या उजव्यात बघ." दुसऱ्या बाहुलीखाली आकडा आला 60. मोठ्या माणसांत हे अंतर साधारण 54 ते 74 मिलिमीटर असतं.

ती देखणी फ्रेम होती 54□18, म्हणजे तिच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर 72. डोळ्यांमधलं अंतर 60. काचेचा नजरेचा बिंदू, म्हणजे तिच्या नंबराचं केंद्र, बाहुलीसमोरच यावा लागतो, म्हणून प्रत्येक काच 6 मिलिमीटर नाकाकडे सरकवून कापावी लागणार. मायनसची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. बिंदू नाकाकडे सरकला की कानाकडची कड बिंदूपासून आणखी लांब जाते: काचेची निम्मी रुंदी 27 अधिक 6, म्हणजे 33 मिलिमीटर. आणि कडेची जाडी नुसत्या अंतराच्या नव्हे, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साध्या 1.5 इंडेक्सच्या प्लास्टिक काचेत मायनस 6 ला त्या कडेवर सुमारे साडेसहा मिलिमीटर जाडी येते, आणि काचेच्या मधली जाडी त्यात वेगळी मिळवायची. तेच 47□19 ची फ्रेम घेतली तर मध्यांमधलं अंतर 66, काच फक्त 3 मिलिमीटर सरकवायची, कड साडेसव्वीस मिलिमीटरवर, आणि जाडी सव्वाचारच्या आत.

"मग पातळ काच घालू ना," भाची म्हणाली. तिचं बरोबर होतं, हाय इंडेक्स काचा असतात: 1.6, 1.67, 1.74. इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वाकवते त्याचा आकडा, तो जितका मोठा तितकी त्याच नंबराची काच पातळ. पण मोठ्या फ्रेममध्ये महागडी 1.67 ची काच घातली तरी हिशेबाने कड पाच मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे मधली जाडी वगळली तर लहान फ्रेममधल्या साध्या काचेची कड मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षा पातळ. हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते. तेव्हा मी मायनस साडेपाचला एक रुंद सुप्रा फ्रेम घेतली होती. सुप्रा म्हणजे वर काठ आणि खाली नुसता नायलॉनचा दोरा. काचेची जाड, पांढरी कड खालून उघडी पडली होती आणि प्रत्येक फोटोत आधी तीच दिसायची. दुकानात एका शब्दाने कुणी सावध केलं नव्हतं. जास्त मायनसला पूर्ण काठाची, शक्यतो शेलची फ्रेम घ्या, ती कड झाकते. सुप्रा आणि रिमलेस, म्हणजे बिनकाठाच्या, कमी नंबरासाठी ठेवा.

जास्त मायनसमध्ये आणखी एक गोष्ट होते. काचेतून डोळे लहान दिसतात आणि कानशिलाजवळची चेहऱ्याची कडही आत सरकलेली दिसते, जणू तिथे चेहरा कापला गेलाय. काच जितकी मोठी तितका तो काप स्पष्ट. प्लसच्या काचांचं उलटं: त्या मधे फुगीर असतात आणि डोळे मोठे दाखवतात. पण त्यांनाही मोठी फ्रेम घातली की मधली जाडी आणि वजन वाढतं. दोन्हीकडे उपाय एकच, लहान फ्रेम आणि काचेच्या मध्याजवळ डोळे.

चाळिशी लागलेल्यांसाठी एक वेगळी अट आहे. जवळचं आणि लांबचं एकाच काचेत हवं असेल आणि मधली रेघ नको असेल, तर प्रोग्रेसिव्ह काच घेतात. त्यात वरून खाली नंबर हळूहळू बदलतो, म्हणजे त्या बदलाला उभी जागा लागते. डिझाइनप्रमाणे बाहुलीपासून खालच्या काठापर्यंत साधारण 14 ते 18 मिलिमीटर हवेत. पट्टीसारख्या बारीक फ्रेममध्ये वाचायचा भागच कापला जातो आणि माणूस म्हणतो की मला प्रोग्रेसिव्ह झेपत नाही. अशांनी आधी फ्रेमची उंची तपासावी.

लहान मुलांसाठी तर कळकळीने सांगते. आपण शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतो, चष्म्याला तसं करू नका. मुलांच्या नाकाचा ब्रिज अजून नीट वर आलेला नसतो. मोठी फ्रेम खाली सरकते आणि मूल काचेच्या मध्यातून न बघता वरच्या काठावरून, उघड्या डोळ्यांनी बघायला लागतं. मग नंबर देऊन उपयोग काय? त्या वर्षी त्या मापाचाच घ्या, हलका, वाकणाऱ्या काड्यांचा.

रंगाबद्दल मी थोडकंच सांगेन. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांत कुठलाच रंग खरा दिसत नाही. फ्रेम घालून दुकानाच्या दारात या, उजेडात बघा. आपल्याकडच्या सावळ्या आणि गव्हाळ कांतीवर मधासारखा तपकिरी, कासवाच्या पाठीसारखा चट्टेपट्टेवाला, गडद हिरवा आणि वाइनचा लाल असे रंग फार सुंदर दिसतात. काळा हा एकच सुरक्षित रंग आहे असं मानून त्यांच्याकडे पाठ फिरवू नका.

धातूची फ्रेम घेताना मुंबईची हवा लक्षात ठेवा. स्वस्त धातूच्या फ्रेम पुष्कळदा निकेल आणि तांब्याच्या मिश्रणाच्या असतात. वरचा मुलामा गेला की घामाने तांबं गंजतं आणि नोजपॅडच्या स्क्रूपाशी हिरवट थर जमतो. निकेलमुळे काहींच्या नाकावर, कानामागे खाज येऊन काळे डाग पडतात. असा त्रास असेल तर टायटॅनियम घ्या, किंवा शेल घ्या.

शेवटची अडचण सगळ्यांची सारखी. नवी फ्रेम घालायची तर जुना चष्मा काढावा लागतो, आणि तो काढला की आरशात आपलाच चेहरा धूसर. त्यात फ्रेममध्ये बसवलेली नमुन्याची काच बिननंबरी असते, त्यामुळे डोळे जसे दिसतात तसे पुढे दिसणार नाहीत. बरोबरच्या माणसाला चार-पाच फुटांवरून, समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगा आणि जुना चष्मा लावून ते बघा. सेल्फी काढू नका. हाताच्या अंतरावरून कॅमेरा नाक मोठं आणि चेहरा अरुंद दाखवतो, त्यावरून मापाचा अंदाज चुकतो.

भाचीने अखेर 47 ची फ्रेम घेतली, चौकोनीच, पण कोपरे जरा घासलेली, तपकिरी. काचा बसून आल्या तेव्हा काकांनी काडीचं टोक गरम मण्यांच्या भांड्यात खुपसलं, मऊ झाल्यावर तिच्या कानामागच्या वळणाप्रमाणे हाताने वाकवलं आणि थंड पाण्यात बुडवलं. मग तिला खाली वाकून मान हलवायला लावली, मोठ्याने हसायला लावलं, वाचायला कागद दिला. उजवीकडे किंचित तिरका वाटला म्हणून पुन्हा गरम केलं. निघताना म्हणाले, "आठवड्याने एकदा येऊन जा. वापरून काड्या जरा सैल होतात, परत बसवून देतो. त्याचे पैसे नाहीत."